हेराची टोपी

वाशीम जिल्ह्यांतील जऊळका हें अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गांव. तेथें एका आप्तांकडे आम्ही गेलों असतां त्यांचा नातू पडद्यावरील खेळांत आपल्या पात्राला एक टोपी चढविण्यांत गढून गेला होता. टोपीला मागेंपुढें पाळी आणि कानांवर झडपा होत्या. हिनें पात्राचें बळ वाढतें काय, असें आम्हीं विचारलें. “नाहीं आजोबा, पण आतां तो डिटेक्टिव्ह दिसतो ना!” असें उत्तर मिळालें.

खेळांतील असल्या शोभेच्या वस्तूंचा इतिहास अल्प आहे. ‘टीम फोर्ट्रेस २’ हा प्रसिद्ध अमेरिकन खेळ २००७ सालीं निघाला. त्यांत टोप्या आल्या २००९ सालीं, आणि पुढील वर्षीं त्यांचें दुकानही थाटलें गेलें. परंतु ही टोपी गुप्त पोलिसाची खूण कशी झाली, ही कथा त्याहून जुनी आहे. ती मूळची हरणांच्या शिकाऱ्याची. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीं ती तिच्या रूढ नांवानें कोठेंही उल्लेखिलेली नाहीं. १८९१ सालीं ‘स्ट्रँड’ मासिकासाठीं चित्रें काढतांना सिडने पॅजेट यांनीं आगगाडीच्या डब्यांत बसलेल्या होम्सच्या डोक्यावर ती ठेवली. पुढें रंगभूमीनें व चित्रपटानें ती तेथून उतरूंच दिली नाहीं.

येथें आम्हांस बहिर्जी नाईकाचें स्मरण होतें. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली. त्या प्रकरणीं तेथील संपत्तीची बातमी आणणारा जासूद म्हणून सभासद बखरींत त्याचें नांव येतें. त्याच्या पागोट्याविषयीं वा वेषाविषयीं बखरकार एक अक्षरही लिहीत नाहीं. लोककथांनीं त्याला फकिराचीं, बहुरूप्याचीं सोंगें दिलीं, तीं मागाहून. खऱ्या हेराची विद्या ही कीं, पाहणाऱ्याच्या ध्यानांत त्याचें कांहींच राहूं नये.

बहुरूप्याचें याच्या नेमकें उलट. तो खाकी पोशाख करून, शिटी फुंकीत दारीं येतो आणि खोटें वॉरंट वाचूं लागतो. हें सोंग आहे, हें सर्वांस ठाऊक असतें; म्हणूनच लोक हंसतात आणि त्याच्या झोळींत पसाभर धान्य घालतात. खेळांतील ही टोपी बहुरूप्याच्या कुळांतली आहे, बहिर्जीच्या नव्हे. त्यांत गैर कांहीं नाहीं. सोंगाचा आनंद निर्मळच असतो. मात्र ज्याला खूण आहे त्यालाच आपण स्मरतों, आणि ज्यानें खूण मागें न ठेवणें हेंच कर्तव्य मानलें त्याला विसरतों, एवढें भान इतिहासाच्या वाचकानें राखावें. राज्यें केवळ तरवारीवर उभीं राहत नाहींत. अशा अनामिकांनीं आणलेल्या बातमीवरही तीं उभीं असतात.

हें सारें आम्हीं त्या मुलास सांगितलें. त्यानें क्षणभर विचार करून विचारलें, “मग बहिर्जीची टोपी कशी होती?”

आम्हीं म्हणालों, “सुरतेच्या बाजारांत त्या दिवशीं शंभर जणांच्या डोक्यावर जें असेल, तेंच त्याच्याही डोक्यावर असेल.”