जिवंत राखलेली मुले : जालन्याच्या वाटेवरचे ठग आणि त्यांचे वारस

वाटेत गाठलेल्या प्रवाशांपैकी कुणालाही जिवंत जाऊ द्यायचे नाही, हा ठगांच्या धंद्याचा पहिला नियम होता. मागे साक्षीदार उरला नाही की तक्रार नाही, तपास नाही आणि चौकशीची भीतीही नाही. या नियमाला मुख्य अपवाद लहान मुलांचा असे. ज्याला अजून आपले गाव सांगता येत नाही, बापाचे नाव नीट घेता येत नाही, असे मूल टोळीतला एखादा जण उचलून घरी नेई आणि पोटच्या पोरासारखे वाढवी. मुलगी असली तर ती पुढे एखाद्या ठगाच्या मुलाला दिली जाई. मुलगा असला तर वयात आल्यावर त्याच्या हाती गळा आवळायचा रुमाल येई. ज्या माणसांनी आपले आईबाप मारले त्यांनाच आईबाप मानून तो त्यांचा धंदा शिकत असे. ठगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या लिखाणात या मुलांच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या आहेत.

आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला. हा मुलूख मात्र फार जुन्या काळापासून वाटसरूंचा आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दानशूरांची नावे सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. कुंडलिकेच्या काठचे जालना ही श्रीमंत पेठ होती. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या मोहिमेत ती लुटली, यावरूनच तिच्या संपत्तीचा अंदाज येतो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर उतरून बुऱ्हाणपूर, पूर्वेला देऊळगाव राजा आणि मेहकरवरून वऱ्हाड, दक्षिणेला गोदावरी ओलांडून हैदराबाद अशा वाटा इथून फुटत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला या वाटांवर कुणा एकाची सत्ता नव्हती. जालना शिंद्यांकडे, अंबड होळकरांकडे, भोवतालचा मुलूख निजामाकडे. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळच्या असईला लढाई झाली आणि त्याच वर्षाअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी जालना सोडले. होळकरांचे अंबड आणि वेरूळ 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर गेले. एका सरकारच्या हद्दीत खून करून दुसऱ्याच्या हद्दीत निघून जाणे त्या काळात एका मजलेचे काम होते. बेपत्ता प्रवाशाची चौकशी करायची तर कुणाच्या कचेरीत, हेच घरच्यांना कळत नसे. माणूस चार-सहा महिन्यांनी परतणार असे गृहीत धरलेले असल्यामुळे तो परतला नाही हे ध्यानात यायलाच वर्ष लोटे. ठगांना लपायला जंगलाची फारशी गरज पडली नाही. ही हद्दींची गुंतागुंतच त्यांना पुरत होती.

त्यात इंग्रजी फौजेची भर पडली. निजामाच्या मदतीला ठेवलेल्या तैनाती फौजेचा तळ जालन्याला होता आणि 1817 च्या सुमारास त्याची सूत्रे जनरल डव्हटन यांच्या हाती होती. छावणी म्हणजे दरमहा वाटला जाणारा रोख पगार आणि रजेवर घरी निघालेली, कमरेला साठवलेले रुपये बांधलेली माणसे. असे शिपाई ठगांचे ठरलेले सावज होते. 28 एप्रिल 1810 रोजी उत्तरेत जनरल सेंट लेजर यांनी फौजेला लेखी ताकीद दिली होती, की रजेवर जाताना रोकड बाळगू नये, हुंडी करून न्यावी आणि वाटेतल्या अनोळखी सोबत्यांवर विश्वास ठेवू नये. ठगांच्या विरोधातला हा सरकारी लष्कराचा अगदी आरंभीचा इशारा.

जालन्याशी थेट जोडलेली एक घटना ठगांच्याच जबान्यांतून नोंदली गेली आहे. जनरल डव्हटन यांच्या पदरी असलेले मुन्शी बंदा अली बायको, मुली आणि नोकरमाणसे घेऊन जालन्याहून उत्तरेकडे निघाले. नागपूर-जबलपूर रस्त्यावरच्या लखनादौनजवळ ठगांची टोळी त्यांच्या सोबतीला होती. संध्याकाळी ठग मुन्शींच्या तंबूत सतार घेऊन बसले. गाणेबजावणे रंगात आले असतानाच इशारा झाला. मुन्शी, त्यांची बायको, नोकर असे सगळे गळा आवळून मारले गेले. मुन्शींची तान्ही मुलगी उरली. ती जिवंतच प्रेतांच्या खड्ड्यात टाकली गेली आणि वर माती लोटली गेली.

दत्तक मुलांची गोष्ट सांगताना ही घटना बाजूला ठेवता येत नाही. मूल जिवंत राखण्यात दयेचा अंश असेलही. काही ठगांना या मुलांचा खरोखर लळा लागे, हे त्यांच्याच बोलण्यातून दिसते. पण ती दया सोयीच्या पलीकडे जात नव्हती. मूल ओळखले जाण्याची भीती असली, ते रडत राहिले, किंवा त्याला पुरेसे आठवत असले, तर त्याची गत घरच्यांसारखीच होई. वाचायचे ते विसरू शकणारे मूलच वाचे.

अशा मुलाचे, आणि ठगांच्या स्वतःच्या मुलाचेही, शिक्षण सावकाश आणि विचारपूर्वक चाले. ठगांचा बंदोबस्त करणारे इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन यांनी जमवलेल्या जबान्यांवरून त्याचा क्रम बराचसा कळतो. दसरा उलटला, पाऊस थांबला की टोळ्या बाहेर पडत आणि पुढच्या पावसाळ्याआधी घरी परतत. पहिल्या फेरीत मुलाला काहीच कळू देत नसत. त्याला तट्टू मिळे, मिठाई मिळे, लुटीतली एखादी वस्तू मिळे. आपण चोरी करतो, एवढेच त्याला हळूहळू उमगे. खुनाची शंका पुढच्या फेरीत येई आणि प्रत्यक्ष दर्शन त्याहून पुढे. तोवर सोबतचे आयुष्य त्याच्या अंगवळणी पडलेले असे. नवशिक्याला ठगांच्या रामसी बोलीत ‘कबूला’ म्हणत. त्याला आधी टेहळणी, मग प्रवाशांना गोड बोलून सोबतीला घेणाऱ्या ‘सोथा’चे काम, खड्डे खणणाऱ्या ‘लुघा’चे काम अशी कामे मिळत. गळा आवळणारा ‘भुर्तोट’ होण्याचा मान सर्वांना मिळत नसे. त्यासाठी एखाद्या जाणत्या ठगाला गुरू करावे लागे. गुरू रुमालाला गाठ मारून त्यात चांदीचे नाणे घाली आणि तो रुमाल शिष्याच्या हाती देई. खुनाच्या इशाऱ्याला ‘झिरनी’ म्हणत. तो साधा असे, बहुधा तंबाखू मागण्याचाच.

खुनानंतर ‘तुपोनी’ या विधीचा गूळ वाटला जाई. तो एकदा चाखला की माणूस कायमचा ठग होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. 1830 च्या अखेरीस पकडला गेलेला आणि माफीचा साक्षीदार झालेला प्रसिद्ध जमादार, म्हणजे टोळीचा म्होरक्या, फिरंगिया याने स्लीमनना सांगितले, की त्याचे घर खाऊनपिऊन सुखी होते, त्याला चांगली चाकरीही मिळाली होती, तरी टोळीपासून दूर असताना त्याला चैन पडत नसे. बापाने लहानपणीच तो गूळ खायला दिला होता. संस्कार किती खोल रुजवले जात, हे या कबुलीतून जितके कळते तितके पुढच्या कोणत्याही अभ्यासातून क्वचितच कळते. बालपणी दिलेली चव आणि तिच्याबरोबर आलेले आपलेपण, यांतून सुटका नाही असे तो माणूस मनापासून मानत होता.

हे शिक्षण दर वेळी सफल होई असे नाही. फिरंगियानेच आपल्या कुऱ्होरा नावाच्या चौदा वर्षांच्या, नात्यातल्या भावाची हकिगत सांगितली आहे. मुलाची ती पहिलीच फेरी होती. त्याला सांभाळायचे काम हरसुखा नावाच्या, टोळीतल्या अमान सुभेदाराने दत्तक घेतलेल्या तरुणाकडे होते. पाच शीख प्रवाशांना पहाटे मारायचे ठरले आणि हरसुखाला मुलाच्या तट्टूचा लगाम धरून मागे राहायला सांगितले गेले. पोरगा घाबरला, हातातून निसटला आणि नेमका झिरनीच्या क्षणी पुढे येऊन पोहोचला. डोळ्यांदेखत माणसे मेलेली पाहून तो थरथरत खाली पडला. मृतांच्या पगड्या दिसल्या तरी तो किंचाळे, कुणी हात लावला तरी किंचाळे. टोळी पुढे गेली, पण दोघे-चौघे त्याच्याजवळ बसून राहिले. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही आणि संध्याकाळच्या आत मरण पावला. हरसुखाला या प्रसंगाचा असा धक्का बसला की त्याने टोळी सोडली आणि बैरागी होऊन नर्मदाकाठच्या एका देवळात राहिला. या साऱ्या जबान्यांमध्ये धंदा सोडून निघून गेलेला हा एक दत्तक मुलगा आहे, आणि त्याचे कारण त्याच्या देखरेखीखालचे दुसरे मूल आहे. ठगांच्या इतिहासात याहून मोलाची नोंद सापडणे कठीण.

मराठवाड्याशी ठगांचे आणखी एक नाते होते. आपल्या धंद्यातली सगळी कामे, प्रवाशाला भुलवण्यापासून पुरण्यापर्यंत, वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहेत असे ते सांगत. लेणी पाहताना भोवती परके असले तर आपण त्याविषयी काही बोलत नाही, असेही त्यांनी स्लीमनना सांगितले. जालन्याहून वेरूळ तीन-चार मुक्कामांवर. तिथली शिल्पे शैव, वैष्णव, बौद्ध आणि जैन परंपरेतली आहेत. ठगांचा त्यांच्याशी संबंध नाही. तरीही आपल्या कामाला देवाची संमती आहे, हे मुलांना पटवायला डोंगरात कोरलेला पुरावा फार उपयोगी पडला असणार.

या मुलांची कहाणी जगाला माहीत झाली ती एका कादंबरीमुळे. फिलिप मेडोज टेलर हे 1824 मध्ये सोळा वर्षांचे असताना निजामाच्या नोकरीत लागले आणि पहिल्यांदा औरंगाबादला रुजू झाले. पुढे पोलीस खात्यात असताना आणि हैदराबाद राज्यात कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे ठगांचा तपास असताना त्यांनी अनेक कबुलीजबाब ऐकले. 1839 मध्ये त्यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली लहानपणी आईबापांबरोबर प्रवासाला निघतो. ठगांची टोळी त्या दोघांना मारते आणि तिच्यातला इस्माईल मुलाला आपला म्हणून वाढवतो. अमीर अली जुने सारे विसरतो, नामांकित ठग होतो आणि एके दिवशी अजाणता आपल्या सख्ख्या बहिणीचाच गळा आवळतो. हे त्याला उशिरा, तिच्या गळ्यातल्या ताइतावरून कळते. स्मृती पुसून माणसाला मारेकरी बनवायचे आणि पुढे कधीतरी ती स्मृती परत आणायची, ही मांडणी कथाकारांना पुढेही मोहवत राहिली. जपानमध्ये 2009 साली दाखवलेल्या ‘फँटम’ या अ‍ॅनिमे मालिकेतला रेइजी हाही असाच, खून पाहिल्यामुळे पकडला जाऊन आठवणी गमावलेला आणि गुन्हेगारी संघटनेने मारेकरी म्हणून घडवलेला तरुण आहे. तिथे स्मृती बाहेरून पुसली जाते. ठगांना त्याची गरज नव्हती, कोवळे वय ते काम आपसूक करत होते.

ठगांचा बंदोबस्त माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा होता. 1836 च्या कायद्याने, केवळ ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. 1831 ते 1837 या काळात 3,266 ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी 412 जणांना फाशी झाली, 483 जण साक्षीदार झाले, उरलेले काळ्या पाण्यावर किंवा तुरुंगात गेले. स्लीमननी ठग घराण्यांच्या वंशावळ्याही मांडल्या. ठगांच्या देवीभक्तीला त्यांनी दिलेले महत्त्व आणि धंद्याच्या एकसंधपणाचे त्यांचे चित्र अतिशयोक्त होते, असे किम वॅगनर यांच्यासारखे अभ्यासक दाखवतात. उपासमार, फौजा मोडल्याने बेकार झालेले शिपाई आणि लुटीत वाटा घेणारे जमीनदार ही कारणे त्या चित्रात मागे पडली होती. हा आक्षेप योग्य आहे. मात्र त्यामुळे मुलांविषयीच्या साक्षी खोट्या ठरत नाहीत. त्या सरकारला फारशा उपयोगाच्या नव्हत्या, आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतात.

पकडलेल्या ठगांच्या मुलांचा प्रश्न उरला होताच. जबलपूरला 1837 च्या सुमारास उद्योगशाळा निघाली. तिथे साक्षीदार ठग आणि त्यांची मुले तंबू शिवायला, सतरंज्या आणि गालिचे विणायला शिकली. एकदा जमादाराने वळण लावलेल्या मुलांना आता सरकार दुसरे वळण लावत होते, आणि पहारा कायम होता. जन्मावरून गुन्हेगारी ठरवण्याची ही दृष्टी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पक्की झाली. ठगांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक जमातींना तिचा जाच भोगावा लागला. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती या शिक्क्यातून मुक्त झाल्या, आणि विमुक्त हे नाव तेव्हापासूनचे.

ठगी आणि दरोड्यांचा बंदोबस्त करणारे खाते 1904 मध्ये बंद झाले. जालन्याची छावणी त्याच्या वर्षभर आधी, 1903 मध्ये उठली होती. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि हैदराबादला जाणारा प्रवासी आठवड्यांचा रस्ता दिवसात कापू लागला.