बंबापासून उष्णता-पंपापर्यंत : सुरतेच्या न्हाणीघराचा हिशेब

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनापुढे १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. परंतु इतिहास केवळ लुटीचा आणि तहांचा नसतो. तो चुलीचा आणि मोरीचाही असतो. स्नानासाठी दोन घागरी पाणी तापविण्याचा खर्च कोणी सोसला, कशाने सोसला आणि पुढे तो कसकसा बदलत गेला, याचा मागोवा या एकाच शहरात सव्वातीनशे वर्षे घेता येतो.

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आला. इंग्रजांच्या वखारीचे वर्णन करताना त्याने तेथील पाण्याच्या टाक्याचा आणि हमामखान्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. हमाम म्हणजे भट्टीने तापविलेले स्नानगृह. भट्टीला सरपण लागे, सरपण वाहून आणणारी माणसे लागत, आणि ती पेटती ठेवणारा नोकर लागे. मोगल अमीर, धनाढ्य सावकार आणि कंपनीचे अधिकारी यांनाच हे सुख परवडण्यासारखे होते. इतरांना तापीचे पाणी पुरेसे होते. किंबहुना पुरेसे मानून घ्यावे लागत होते.

सामान्य गृहस्थाच्या घरी ऊन पाणी आले ते बंबाच्या रूपाने. मराठी घरातला बंब आणि गुजराती घरातला बंबो ही सख्खी भावंडेच! तांब्याचे उभे भांडे, मधोमध नळकांडे, त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, कोळसा, जे हाती येईल ते. विस्तव पाण्याने चहूबाजूंनी वेढलेला असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता पुष्कळच कमी वाया जाई. ज्या कोणा अनाम तांबटाने ही योजना प्रथम केली, त्याला उष्णतेचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. तरीही काटकसरीचा धडा त्याने पक्का गिरविला होता. मात्र बंबाचा खरा खर्च वखारवाल्याच्या वहीत पूर्णपणे उतरत नसे. पहाटे उठून तो पेटविणारी, राख काढणारी आणि धुराने डोळे चोळणारी घरातील स्त्री. तिच्या श्रमाची नोंद कोणत्या वहीत असणार?

१९२० मध्ये सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनीची स्थापना झाली. त्या काळी वीज ही मुख्यतः दिव्यांची आणि पंख्यांची. हिंदुस्थानातील अनेक शहरांत दिव्याच्या विजेचा दर निराळा आणि यंत्रांच्या विजेचा निराळा असे. काही घरांत त्यासाठी दोन मीटर लावलेले असत. विजेने पाणी तापविणे ही बराच काळ चैनच समजली जाई. पुढे गिझर आला. हे नावही मौजेचे आहे : १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉघन याने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण फवाऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ म्हटले. विजेच्या टाकीलाही आपल्याकडे तेच नाव चिकटले. सुरतेच्या त्या जुन्या वीज कंपनीचा कारभार विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात टोरेंट समूहाकडे गेला. तोवर बंब अडगळीत पडला होता, आणि धुराची जागा बिलाने घेतली होती.

आता या बिलाची गोष्ट. चार माणसांच्या घराला दिवसाला १२० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे असे समजू. त्याला २,४०० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सुमारे पावणेतीन युनिटे झाली. टाकीतून होणारी गळती धरून तीन म्हणू. महिन्याला ९० युनिटे, आणि युनिटास सात रुपये धरल्यास ६३० रुपये. गिझर कितीही उत्तम असला तरी या गणितातून त्याची सुटका नाही, कारण तो विजेचीच उष्णता करतो.

उष्णता-पंप ही पायरीच टाळतो. तो उष्णता निर्माण करीत नाही. हवेतील उष्णता उचलून पाण्यात नेऊन टाकतो, आणि वीज लागते ती केवळ या हमालीपुरती. घरातील फ्रीज हेच करतो. आतली ऊब तो पाठीमागे आणून टाकतो, म्हणून त्याची पाठ गरम लागते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन याने १८५२ मध्ये मांडली. योगायोग असा की सुरतेची नगरपालिका त्याच वर्षी स्थापन झाली. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनात लिम्मात नदीच्या थंड पाण्यातून उष्णता खेचून इमारत उबदार ठेवणारे यंत्र बसले. स्नानाच्या पाण्यासाठी कार्बन डायॉक्साइडवर चालणारे पंप २००१ पासून जपानात विकले जाऊ लागले, आणि रात्रीच्या स्वस्त विजेवर ते चालविण्याची प्रथा तेथे पडली.

असा पंप विजेच्या एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. हवा उबदार असेल तर त्याहूनही अधिक. म्हणजे ९० च्या जागी ३० युनिटे, ६३० च्या जागी २१० रुपये. महिना ४२० रुपयांची बचत. शिवाय वाढत्या टप्प्यांच्या दरात वाचतात ती शेवटची, म्हणजे सर्वांत महाग युनिटे.

परंतु सुरतेत येऊन हा हिशेब एका विचित्र पेचात सापडतो. जी हवा पंपाला स्वस्तात चालविते, तीच हवा ऊन पाण्याची गरज कमी करते! वैशाखात गच्चीवरच्या टाकीतील पाणी मुळातच इतके तापलेले असते की लोक ते निवण्याची वाट पाहतात. ऊन पाणी लागते ते थंडीच्या चार महिन्यांत. यंत्रासाठी गिझरहून साठ हजार रुपये अधिक मोजावे लागले असे धरले, तर वर्षाला वाचतात १,६८० रुपये. मुद्दल फिटायला पस्तीस वर्षे हवीत. तोवर यंत्र तरी कोठले टिकायला! बाराही महिने ऊन पाणी वापरणाऱ्या घरात हीच मुदत बारा वर्षांवर येते. इस्पितळ, वसतिगृह किंवा हॉटेल असेल, जेथे रोज हजारो लिटर पाणी लागते, तेथे मात्र पारडे झपाट्याने फिरते. स्वतःची गच्ची असणाऱ्याला सूर्यचूल्याचा भाऊबंद असा सौर बंबही आहे, आणि त्याला विजेचे बिल जवळजवळ नाहीच.

सुरतेच्या रंगकाम-छपाईच्या गिरण्यांत पाणी तापविण्याचा खर्च घरांच्या मानाने प्रचंड आहे. पॉलिएस्टर रंगवायला १३० अंशांच्या आसपास तापमान लागते. तेथवर साध्या पंपाचा हात पोहोचत नाही, बॉयलर हवाच. पण बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधी ५०-६० अंशांपर्यंत आणून देण्याचे काम पंप करू शकतो, आणि तितके इंधन वाचते.

त्याच गिरण्यांत आणि मागांवर खपणारा खानदेशचा कामगार उधना-लिंबायतच्या भाड्याच्या खोलीत राहतो. पंपाची टाकी ठेवायला तेथे कोपरा नाही, आणि भाड्याच्या जागेत साठ हजारांची वस्तू बसवील कोण? जानेवारीच्या पहाटे तो बादलीत विजेचा रॉड सोडतो. वीस लिटर पाण्याला अर्धे युनिट. त्या बादलीपुरते त्याचे गणित चोख आहे.