कल्पनेतील याने, तर्काची शिस्त

जपानी अ‍ॅनिमेमध्ये मेका नावाचा एक मोठा प्रवाह आहे. माणूस आत बसून चालवतो अशी अवाढव्य यंत्रे, त्यांना वाहून नेणारी अंतराळयाने आणि त्यांच्याभोवती घोंगावणारी लढाऊ विमाने हा त्याचा संसार. या मालिका जगभर आवडीने पाहिल्या जातात. त्यांच्या सावलीत गेल्या चार-साडेचार दशकांत आणखी एक उद्योग वाढला आहे, आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. पडद्यावर दिसलेले यान खरोखर उडवायचे म्हटले तर ते कसे उडेल, त्याचे इंधन कुठे मावेल, त्याचा सांगाडा किती भार पेलेल, असे प्रश्न चाहते विचारतात आणि त्यांची उत्तरे आकडेमोड करून शोधतात. या अभ्यासाची ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

‘कार्टूनमधल्या विमानाचा एवढा काथ्याकूट कशाला?’ असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो रास्तच आहे. आमच्या ढाणकीच्या बाजारात नवा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला की भोवती माणसे जमतात. किती एचपीचा, मागचे टायर कोणते, उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढेल का, डिझेल किती खाईल, अशी विचारपूस सुरू होते. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो घ्यायचा नसतो. यंत्र समोर आले की त्याची ताकद आणि मर्यादा समजून घ्यावीशी वाटते, हा माणसाचा स्वभाव आहे. काल्पनिक यानाचा अभ्यास करणारा चाहता हीच विचारपूस करतो. फरक इतकाच, की त्याला बॉनेट उघडून पाहता येत नाही. जे दिसले त्यावरून आत काय असेल ते ताडावे लागते.

मराठी वाचकाला ही वाट अगदीच परकी नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तेव्हापासून चंद्राकडे निघालेल्या प्रवाशांशी आपल्या मुलांची ओळख आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि तिला पारितोषिक मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’ आणि लेखक जयंत नारळीकर. विज्ञानकथेतील कल्पना विज्ञानाला धरून असावी, हा त्यांचा आग्रह पुढेही कायम राहिला. त्याच वर्षी जपानमध्ये ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही मालिका सुरू झाली आणि अंतराळयानांवर जीव टाकणारी एक पिढी तयार होऊ लागली.

या क्षेत्रात पाऊल टाकताना वाचकांनी एक नियम आधी समजून घ्यावा. लेखकाला एक थाप माफ असते. ती मान्य करायची आणि बाकी सगळे निसर्गनियमांच्या कसोटीला लावायचे. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गुंडाम’मध्ये ती थाप म्हणजे मिनोव्हस्की कण. हे कण पसरले की रडार आंधळे होते आणि दुरून मारा करणारी क्षेपणास्त्रे निरुपयोगी ठरतात. एवढे एक मानले, की १८ मीटर उंचीची यंत्रे एकमेकांना डोळ्यांनी पाहून जवळून का लढतात, याचा उलगडा होतो. कल्पित कण एकच, पण त्याचे परिणाम काटेकोरपणे ओढत नेलेले. चांगल्या मालिकेची आणि चांगल्या तर्काची ओळख इथेच पटते.

दुसरे उदाहरण थोडे जवळून पाहू. १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ मालिकेतील व्हीएफ-१ वाल्किरी हे यान शोजी कावामोरी यांनी वयाच्या विशी-बाविशीत रेखाटले. ते विमान आहे आणि माणसासारखे उभे राहणारे यंत्रही. त्याचे जोडशेपूट आणि मागेपुढे सरकणारे पंख अमेरिकी एफ-१४ विमानावरून सुचलेले आहेत. असे पंख आपल्याकडेही होते. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलेली मिग-२७ विमाने डिसेंबर २०१९ पर्यंत भारतीय हवाई दलात होती आणि त्यांचे पंख १६, ४५ व ७२ अंशांवर फिरत. उड्डाण करताना आणि उतरताना पंख पसरलेले हवेत, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरता येते. वेग वाढला की ते मागे घ्यायचे, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. वाल्किरीचे पंख सरकतात त्यामागे हेच व्यवहारी कारण आहे.

आता खरा पेच. वाल्किरीची लांबी सुमारे १४ मीटर, तर एफ-१४ ची १९ मीटर. एफ-१४ च्या पोटात सुमारे सात टन इंधन मावते. वाल्किरीच्या पोटात मात्र हात घडी घालून बसलेले असतात, आणि तिची दोन इंजिनेच पाय होतात. ज्या तोंडातून झोत निघतो ते पाऊल बनते. मग इंधनाला जागा कुठे? मालिकेचे उत्तर असे, की इंजिनाची उष्णता अणुसंमीलनातून येते, त्यामुळे इंधन अगदी थोडे पुरते. वातावरणात इंजिन हवा ओढते, तापवते आणि मागे फेकते. पण अंतराळात हवा नाही. उष्णता कितीही असली तरी मागे फेकायला काहीतरी पदार्थ लागतोच आणि तो सोबत न्यावा लागतो. म्हणूनच अंतराळातल्या वाल्किरीच्या पाठीवर आणि पायांवर जादा टाक्या व बूस्टर चढवलेले दिसतात. ज्याला त्या केवळ शोभेच्या वाटल्या, त्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

चाहत्यांच्या तर्काला किती मान मिळू शकतो, याचा दाखलाही इथेच आहे. १९८१ मध्ये ‘गुंडाम सेंच्युरी’ हे पुस्तक निघाले. मालिकेत न सांगितलेल्या तांत्रिक गोष्टी त्यात तर्काने भरून काढल्या होत्या. अंतराळात यंत्राला हातपाय कशासाठी, या प्रश्नाचे त्यातले उत्तर विशेष गाजले: हात एका दिशेने फिरवला की धड उलट दिशेने वळते, म्हणजे इंधन न जाळता तोंड फिरवता येते. फिरत्या खुर्चीत पाय उचलून बसा आणि दोन्ही हात झटकन एका बाजूला न्या. तुम्हालाही हे अनुभवता येईल. ही कल्पना पुढे गुंडामच्या अधिकृत विश्वाचा भाग झाली. प्रेक्षकाच्या विचाराने मूळ कृती समृद्ध व्हावी, याचे इतके सुंदर उदाहरण विरळाच.

कल्पना आणि दावा यांतली रेषा मात्र वाचकांनी जपावी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे विमान उडवले, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पण तिच्यामागे त्या काळचा ठोस पुरावा उभा नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांची आकृत्यांसह तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली आणि १९७४ मध्येच निष्कर्ष मांडला: यातले एकही उडण्याजोगे नाही, आणि ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे. त्यांची रीत या क्षेत्राला फार जवळची आहे. आकृती समोर ठेवायची, वजन आणि आकार पाहायचा, हवेचे नियम लावायचे. मेकाचा चाहता आपल्या लाडक्या यानाला हीच कसोटी लावतो, आणि ते खरोखर उडाले होते असे कधी म्हणत नाही. त्याच्या प्रेमाचा खरेपणा मला यातच दिसतो.

नव्याने येणाऱ्या वाचकांनी सुरुवात लहान ठेवावी. एक मालिका घ्या, तिच्यातले एकच यान निवडा. आधी जे पडद्यावर स्पष्ट दिसते ते वहीत उतरवा. मालिकेने सांगितलेले आकडे वेगळे लिहा आणि आपला अंदाज तिसऱ्या रकान्यात. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. शेजारी माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीवरून यानाची लांबी काढता येते. गणित दहावीपर्यंतचे असले तरी बरीच मजल मारता येते. दुसऱ्याचा तर्क वेगळा निघाला तर आधी त्याने काय गृहीत धरले ते विचारा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

लहान गावातल्या वाचकांना मला मुद्दाम सांगावेसे वाटते, की या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही, मोठे शहरही लागत नाही. लक्ष देऊन पाहणारी नजर, एक वही आणि ‘हे कशावरून?’ असे स्वतःलाच विचारण्याची तयारी पुरते. इथे मुरलेली ही सवय उद्या खऱ्या यंत्रापुढे, वर्तमानपत्रातल्या दाव्यापुढे किंवा परीक्षेतल्या प्रश्नापुढेही तुमच्या कामी येईल. या क्षेत्रात तुमचे मनःपूर्वक स्वागत आहे.

ढाणकी (ता. उमरखेड, जि. यवतमाळ)