परळची बाटली ५३-एन

#थ्रेड

वाशिमच्या औषध दुकानातून आणलेल्या एखाद्या गोळ्यांच्या वेष्टनावर आज चौकोनी क्यूआर कोड दिसतो. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० प्रमुख औषधनाममुद्रांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात उत्पादक, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत नोंदलेली असते. बॅच क्रमांकाचे मोल किती, हे समजण्यासाठी १९०२ सालच्या परळला जावे लागते.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. तिथली लस देशभर जाई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन.

बाटलीला क्रमांक होता म्हणून ती ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली, इथपर्यंत माग काढता आला. पण हाच माग हाफकिन यांच्यावर उलटला. त्यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेचा वापर सुरू केला होता. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन पदावरून दूर झाले.

त्यांना वाचवले ते दोन क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांनी. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. जंतू ४१ दिवस आत वाढत असते, तर ती आलीच असती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे प्रकरण लावून धरले, तरी निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ उजाडले. पुढे १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. (उशिराचे सौजन्य!)

अर्थात, नुसती नोंद पुरत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. खोटा माल संगणकात बिनचूक नोंदवला, तरी तो खोटाच राहतो.

औषध कारखान्यांतील नोंदवह्यांची जागा संगणक घेऊ लागल्यावर प्रश्न जुनेच उरले: नोंद कोणी केली, केव्हा केली, नंतर कोणी बदलली? अमेरिकेने १९९७ मध्ये लागू केलेल्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक नोंदीतील प्रत्येक फेरफाराचा वेळेसह माग ठेवणे आवश्यक केले. यालाच ‘ऑडिट ट्रेल’ म्हणतात. भारताच्या डिसेंबर २०२३ मधील सुधारित ‘शेड्यूल एम’मध्ये संगणकीय प्रणालींची पडताळणीही आली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र एक नवी अडचण उभी केली. वापरात असतानाच शिकत जाणारी प्रणाली काल एक निर्णय देईल, आज दुसरा. मग ४१ दिवसांपूर्वीच्या बॅचची चौकशी करायची कशी? जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने चर्चेसाठी ठेवलेल्या मसुद्यात याचे उत्तर कडक आहे. औषधाच्या गुणवत्तेवर थेट परिणाम करणाऱ्या कामांत, वापरादरम्यान न बदलणाऱ्या आणि त्याच माहितीवर दरवेळी तेच उत्तर देणाऱ्या प्रारूपांनाच त्यात वाव ठेवला आहे.