न खपलेल्या मालाची गोष्ट



जयपूरच्या जुन्या शहरात त्रिपोलिया बाजाराला लागून 'मणिहारों का रास्ता' नावाची गल्ली आहे. तिथे आजही कारागीर निखाऱ्यावर लाख तापवतात, तिचा गोळा वळतात, साच्यावर चढवतात आणि बघता बघता बांगडी तयार होते. जयपूरला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात यातली एखादी तरी बांगडी असतेच. आता गंमत बघा. मिनिटाला 78 फेरे घेणारी जी जुनी काळी तबकडी आपल्या आजोबांच्या घरात होती, तीही लाखेचीच. दगडाची बारीक पूड, थोडी काजळी आणि हे सगळं धरून ठेवायला लाख. विनाइल येईपर्यंत जगभरचे ग्रामोफोन या लाखेवर चालले, आणि लाखेचा मोठा पुरवठा आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून होत होता. बांगडी काय आणि तबकडी काय, हातातून पडली की तुकडेच.

आजचा विषय या तबकड्यांच्या दुकानांचा आहे. मोठ्या साखळीतल्या दुकानांचा नाही, तर एका मालकाच्या, एका गल्ल्याच्या दुकानांचा. ही दुकानं गेली, जी उरलीत ती जात आहेत, आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख भरपूर येतात. ते मी तुम्हाला पुन्हा वाचून दाखवणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे: या दुकानांचा सर्वात मोठा उपयोग त्यांनी काय विकलं यात नव्हता, त्यांच्याकडे काय विकलं गेलं नाही यात होता. हे नीट कळायला जयपूरचंच नाव लावणाऱ्या एका गाण्याचा माग काढू.

जयपूर घराण्याचे, म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब. जन्म 1855, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. तालीम जयपूरला, काका जहांगीरखाँ यांच्याकडे. पुढे आमलेटा संस्थानात गाण्याचा अतिरेक होऊन त्यांचा आवाज बसला, आणि जो आवाज परत आला त्याच्या मापाने त्यांनी नवी गायकी घडवली. अनवट राग, वळणं घेत जाणारी तान, लयीशी घट्ट बांधलेला प्रत्येक स्वर. 1895 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणलं. महाराज 1922 मध्ये गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईत राहिले आणि 1946 मध्ये मुंबईतच वारले. म्हणजे नाव जयपूरचं, पण घराणं वाढलं ते कोल्हापुरात, मुंबईत आणि गोव्याच्या मुलींच्या गळ्यात. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या.

आणि खाँसाहेबांची तबकडी एकही नाही. ध्वनिमुद्रण भारतात आलं तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते, वारले तेव्हा नव्वदीत होते. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. गळ्यातली विद्या यंत्रात टाकायची आणि कुणीही चार पैसे देऊन घरी न्यायची, ही कल्पनाच त्या पिढीतल्या अनेकांना रुचणारी नव्हती. त्यामुळे आज तुम्हाआम्हाला या घराण्याचं जुनं रूप ऐकायचं तर ते शिष्यांच्या तबकड्यांतूनच. त्या तबकड्या आपल्यापर्यंत आल्या कशा, हा खरा प्रश्न.

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या दाबून यायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. 1908 मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला, पुढे तो दमदमला गेला. आता माल आला, पण विकायचा कुठे? रेकॉर्डचं वेगळं दुकान तोवर नव्हतंच. घड्याळं विकणारे, सायकली विकणारे, हार्मोनियम आणि शिवणयंत्रं विकणारे, यांच्याच फळीवर ग्रामोफोन येऊन बसला. ज्याला किल्ली, स्प्रिंग आणि तेलपाणी कळतं त्याने यंत्र विकायचं, आणि यंत्र विकायचं तर सोबत तबकड्याही ठेवायच्या. गिऱ्हाईक यायचं, दुकानदार किल्ली देऊन तबकडी लावायचा, बाहेर फुकटे श्रोते जमायचे. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपायची.

या तीन मिनिटांत मावणं हे ख्यालाला केवढं अवघड! तरी केसरबाईंनी ते साधलं. त्यांची खाँसाहेबांकडची तालीम 1921 पासून, आणि 1930 च्या दशकापासून त्यांच्या तबकड्या निघाल्या. नटकामोद ऐका, कुकुभ बिलावल ऐका. कुठेही घाई नाही, आणि तरी सगळं सांगून झालेलं. आपली गायकी कुणी उचलू नये म्हणून केसरबाई फार जपत. मोगूबाईंच्या तबकड्या तर मोजक्याच. असा माल नाट्यगीतासारखा हातोहात खपत नाही. बालगंधर्वांची पदं येतील आणि जातील, नटकामोदाची तबकडी मात्र फळीवर धूळ खात बसेल. दुकानदाराच्या दृष्टीने हा अडकलेला पैसा. पण छोट्या दुकानदाराला तो परत कुठे करणार? जागा स्वतःची, घाई नाही, आणि कधीतरी एखादा वेडा येईल ही आशा. म्हणून ती तबकडी राहिली.

ती राहिल्यामुळे काय झालं त्याचं एक उदाहरण देतो. ते जयपूरचं नाही, मुंबईचंही नाही, न्यूयॉर्कचं आहे.

1977 मध्ये अमेरिकेची 'व्हॉयेजर' यानं निघायची होती. कार्ल सेगन यांच्या मंडळाने ठरवलं की यानासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवायची, तीत पृथ्वीवरचे आवाज आणि सत्तावीस संगीतरचना. भारताचं काय घ्यायचं? रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने सुचवलं: केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. सूचना उत्तम होती, पण रेकॉर्ड मिळेना. ती बाजारातून कधीच बाद झाली होती. यान सुटायचे दिवस जवळ येत चाललेले. शेवटी मंडळातल्या ॲन ड्रूयन यांना ती सापडली लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात. मागच्या बाजूला पत्ते खेळायच्या टेबलाखाली एक खोकं, त्यात तीन कोऱ्या, न उघडलेल्या प्रती.

जरा थांबून विचार करा. ते धड रेकॉर्डचं दुकानही नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याकडे घड्याळवाला तबकड्या ठेवायचा, तसाच हा प्रकार. कुणी तरी देशी गिऱ्हाइकांसाठी माल मागवला, खपला नाही, फेकवला नाही, टेबलाखाली सरकवला. त्या खोक्यातून केसरबाई थेट अंतराळात गेल्या. 'व्हॉयेजर 2' 20 ऑगस्टला सुटलं, 'व्हॉयेजर 1' 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबर 1977 ला केसरबाई वारल्या. सूर्याच्या वाऱ्यांची हद्द ओलांडून त्यांचा आवाज आता पलीकडे गेला आहे. पूर्ण तबकडीत भारताची ही एकच रचना आहे, साडेतीन मिनिटांची.

आता परत आपल्याकडे येऊ. लाखेच्या तबकड्या 1970 च्या आसपास बंद झाल्या. लाँग प्ले आल्यावर ख्यालाला वीस-बावीस मिनिटं मिळाली. किशोरी आमोणकरांचा भूप आणि बागेश्री एकाच तबकडीच्या दोन बाजूंना, ही तबकडी ज्यांच्या घरात होती त्यांना ती किती वेळा लावली ते विचारा. मग 1980 च्या दशकात कॅसेट आली आणि दुकानाची व्याख्याच बदलली. गुलशनकुमारांच्या टी-सीरीजने कॅसेट स्वस्त केली आणि ती पानाच्या गादीवर, किराण्याच्या दुकानात जाऊन बसली. जुनी दुकानं याला फार नावं ठेवत. मी ठेवणार नाही. मोठ्या कंपनीने ज्या बोलीकडे कधी ढुंकून पाहिलं नसतं, त्या बोलींची गाणी कॅसेटमुळेच निघाली. जयपूरच्याच वीणा कॅसेट्सने राजस्थानी लोकगीतं गावोगावी पोहोचवली. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने दुकान चालवता चालवता स्वतःच कॅसेटी काढल्या. गिऱ्हाइकाला काय हवं ते गल्ल्यावर बसणाऱ्याला आधी कळतं.

कॅसेटमागून सीडी आली, आणि सीडीबरोबर चकचकीत साखळी दुकानं. इथे मात्र आपल्या गोष्टीला वाईट वळण लागतं. साखळी दुकानाचं गणित दर चौरस फुटाचं. जी सीडी फिरत नाही ती परत पाठवायची. टेबलाखालचं खोकं तिथे असूच शकत नाही. आणि ही दुकानं आली तशी गेलीही. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्ड 2013 मध्ये बंद झालं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 1940 च्या दशकापासून उभं होतं. तिथे ऐकायला वेगळ्या खोल्या असत, तासभर ऐकून काही न घेता बाहेर पडलं तरी कुणी हटकत नसे. फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस त्याने दार लावलं. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि ईडीने जप्त केली. गाण्याच्या दुकानाच्या नशिबी असा कागदोपत्री शेवट यावा, यावर काय बोलायचं!

तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाइलवर आहे, मग अडलं कुठे? केसरबाईंचा नटकामोद एका बोटावर मिळतो, हे खरंच आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, म्हणजे त्या जुन्या तबकड्या आता सर्वांच्या आहेत. पण मोबाइलवर जे आहे ते कुठून आलं ते विचारा. 1990 मध्ये मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संस्था सुरू झाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या संग्राहकांनी बाजारात फिरून, भंगारातून तबकड्या उचलल्या, त्यांच्या याद्या केल्या. मुंबईच्या 'यंग इंडिया' कंपनीने 1935 ते 1955 या काळात नवख्या आणि हौशी कलाकारांच्या तबकड्या काढल्या; कंपनी गेल्यावर कुणी त्या पुन्हा काढल्या नाहीत. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवज योजनेखाली चांदवणकरांनी त्यांचं अंकीकरण केलं. ज्या तबकड्या कुठल्या तरी फळीवर, माळ्यावर, खोक्यात उरल्या, त्याच आज ऐकता येतात. बाकीच्या फुटल्या.

आणि जे वर चढलंय त्यातही रागाचं नाव चुकलेलं, वर्ष नाही, तबकडीचा क्रमांक नाही. कुणाचा तरी आवाज कुणाच्या तरी फोटोखाली. अर्थात जुन्या लेबलवरही सारंगीवाल्याचं नाव बहुधा नसायचं, तेव्हा त्या काळालाही फार डोक्यावर घेऊ नका. फरक एवढाच की हातात तबकडी असेल तर लेबल आणि खोबणीजवळ कोरलेला क्रमांक कुणी बदलू शकत नाही.

म्हणून विकत घ्या. नवी लाँग प्ले पुन्हा आली आहे. अमेरिकेत 2022 मध्ये सीडीपेक्षा जास्त तबकड्या विकल्या गेल्या, मुंबईतही त्या अलीकडे पुन्हा दाबल्या जाऊ लागल्या आहेत. पण आपल्या विषयाचं धन जुन्यातच आहे. जयपूरला, कोल्हापूरला, इंदूरला, बेळगावला, जिथे असाल तिथे जुन्या बाजारात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात विचारा. तबकडी तिरपी करून उजेडात धरा. वरवरच्या रेघा चालतात, नखाला लागणारी भेग चालत नाही. लाखेच्या तबकडीला लाँग प्लेची सुई लावू नका, तिची खोबण रुंद असते. आणि किल्लीच्या फोनोची पोलादी सुई लाँग प्लेवर तर कधीच नाही, एका फेरीत सत्यानाश. धुवायची तर लाखेला स्पिरिट वर्ज्य, लाख विरघळते. आणि हयात कलाकाराची सीडी मैफलीबाहेरच्या टेबलावर दिसली तर तिथेच घ्या, पैसे थेट त्याच्या हातात जातात.

जुन्या कागदी वेष्टनावर पुष्कळदा दुकानाचा शिक्का किंवा चिकटवलेली पट्टी सापडते: दुकानाचं नाव, रस्ता, गाव. खाँसाहेबांच्या घराण्याची एखादी तबकडी कोल्हापुरात विकली गेली की हुबळीत, नागपुरात की कराचीत, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा कुठेच नसतो. दुकान गेलं, मालक गेला, ती पट्टी तेवढी आहे. वेष्टन फाटकं आहे म्हणून बदलू नका. बदललंत तर जुनं आत घडी करून ठेवा.