रविवारी बंद असणारं मंदिर

मॉर्मन म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पांढरा शर्ट आणि टाय घालून जोडीजोडीने फिरणारी प्रचारक पोरं, आणि दुसरी म्हणजे त्यांची ती जुनी बहुपत्नीत्वाची चाल. मला स्वतःला मात्र कुतूहल आहे ते त्यांच्या टेंपलचं.

पहिली गंमत म्हणजे टेंपल हे त्यांचं चर्च नव्हेच. दर रविवारची प्रार्थना साध्या सभागृहात होते, तिथे तुम्ही-आम्ही कोणीही जाऊन बसू शकतो. टेंपल रविवारी चक्क बंद! इतर दिवशीही आत जायला मुलाखत देऊन मिळवलेलं शिफारसपत्र लागतं. टेंपलमधल्या लग्नात मुलीचे आईवडील मॉर्मन नसतील तर त्यांनाही बाहेरच थांबावं लागतं.

मग आत चालतं तरी काय? थोडक्यात सांगायचं तर माणसं एकमेकांना बांधली जातात. नवरा-बायकोचं 'सीलिंग' होतं, तेही 'मृत्यूने ताटातूट होईपर्यंत' नाही तर कायमचं. मुलं आईवडिलांना बांधली जातात. 'एन्डाउमेंट' नावाच्या विधीत देवाला वचनं दिली जातात. आणि जे हे सगळं न करताच गेले, त्यांच्या वतीने जिवंत माणसं हेच विधी पुन्हा करतात. (मेलेल्याचा आत्मा ते नाकारू शकतो, असंही ते मानतात.)

हे कुठून आलं? संस्थापक जोसेफ स्मिथचा थोरला भाऊ अ‍ॅल्विन १८२३ साली गेला, बाप्तिस्मा न घेताच. अंत्यविधीच्या वेळी पाद्रीबुवांनी तो नरकात गेल्याचं सुचवलं, अशी आठवण धाकट्या भावाने पुढे सांगितलीय. जोसेफ तेव्हा सतरा वर्षांचा होता. मला वाटतं टेंपलची खरी पायाभरणी तिथेच झाली. १८४० मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी जोसेफने जाहीर केलं की मृतांसाठीही बाप्तिस्मा घेता येतो, आणि लोक मिसिसिपी नदीत उतरून आपल्या गेलेल्या माणसांसाठी डुबक्या मारू लागले. सर्वपित्रीला नदीवर जाणाऱ्या आपल्या लोकांना हे फारसं विचित्र वाटू नये!

१८४१ मध्ये नॉवूच्या टेंपलची कोनशिला बसली. पैसे नसलेले लोक दहातला एक दिवस श्रमदान करत. जून १८४४ मध्ये जमावाने जोसेफला तुरुंगात घुसून ठार मारलं. पुढच्या वर्षी तर इलिनॉय सोडून जायचं हेही ठरलं. आता कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरला विचारा, अशा वेळी तो पहिलं काय करेल? बांधकाम थांबवेल. यांनी उलट वेग वाढवला. एकीकडे प्रवासासाठी बैलगाड्या तयार होत होत्या आणि दुसरीकडे त्याच गावात टेंपलचं काम चालू होतं. डिसेंबर १८४५ पासून अर्धवट इमारतीच्या माडीवर विधी सुरू झाले, आणि दोनेक महिन्यांत पाच हजारांहून जास्त लोकांनी एन्डाउमेंट घेतली.

३ फेब्रुवारी १८४६ ला ब्रिगहॅम यंगने जमलेल्यांना सांगितलं, आता बास, टेंपलं पुढेही बांधू, मी निघालो. आपण गेलो की गर्दी पांगेल असं त्याला वाटलं. थोडं चालून मागे पाहतो तर कोणी हललंच नव्हतं! शेवटी तो परत फिरला, आणि त्या एका दिवसात २९५ लोकांचे विधी झाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाड्यांनी नदी ओलांडली. टेंपलचं जाहीर समर्पण मे महिन्यात झालं, तेव्हा बहुतेक जण वाटेला लागले होते. १८४८ मध्ये ते जळालं आणि १८५० च्या वादळात भिंतीही कोसळल्या. हा सगळा आटापिटा इमारतीसाठी नव्हताच. वाटेत कोण मरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून निघण्यापूर्वी सगळे एकमेकांना बांधून घेत होते.

पुढे सॉल्ट लेक सिटीला त्यांनी ग्रॅनाइटचं टेंपल बांधलं, १८५३ ते १८९३, पूर्ण चाळीस वर्षं. १८५८ मध्ये अमेरिकन फौज येतेय म्हटल्यावर पाया मातीखाली पुरून वर नांगरलेलं शेत दिसेल असं केलं होतं.

बरं, पितरांचे विधी करायचे तर त्यांची नावं पाहिजेत. त्यातून १८९४ मध्ये वंशावळ संस्था निघाली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग सुरू झालं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यात आहेत. आज त्यांच्या फॅमिलीसर्च साइटवर कोणीही आपलं घराणं फुकट शोधू शकतं. एवढा मोठा डेटाबेस केवळ श्रद्धेपोटी उभा राहिला याचं मला व्यवसायामुळे जरा जास्तच कौतुक वाटतं.

पण मेलेल्या माणसाची परवानगी कोण घेणार? नाझी छळात मेलेल्या ज्यूंची नावं यात आल्यावर मोठा गदारोळ झाला. १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचा करार केला, तरी २०१२ मध्ये अ‍ॅन फ्रँकच्या नावाने विधी झालाच. इथे मी पूर्णपणे ज्यूंच्या बाजूने आहे.

मात्र मला जास्त अस्वस्थ करते ती जेन मॅनिंग जेम्स. ही कृष्णवर्णीय बाई १८४३ मध्ये शेकडो मैल पायी चालत नॉवूला आली आणि जोसेफच्या घरी कामाला राहिली. तुला मुलीसारखं आमच्या घराण्याशी बांधून घेऊ का, असं जोसेफच्या बायकोने तिला विचारलं होतं. तेव्हा जेनला त्याचा अर्थ कळला नाही आणि ती नको म्हणाली. नंतर कळला, आणि म्हातारपणी ती पुढाऱ्यांकडे अर्जांवर अर्ज करत राहिली. पितरांसाठी बाप्तिस्मा घ्यायला तिला मुभा मिळाली, पण वर्णामुळे एन्डाउमेंट आणि सीलिंगला नकार. १८९४ मध्ये अखेर तिला जोसेफशी बांधलं, पण कायमची 'सेविका' म्हणून! त्या विधीलाही तिला आत घेतलं नाही, तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. १९०८ मध्ये जेन गेली. चर्चने ही वर्णबंदी उठवली ती थेट १९७८ साली, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी टेंपलमध्ये जाऊन तिच्या नावाने एन्डाउमेंट घेतली.