देवरुखच्या दोन भगिनी

महाड-पोलादपूरकडून कशेडी घाट ओलांडून दक्षिणेस निघाले, की संगमेश्वरनजीक देवरुखचा फाटा लागतो. एकोणिसाव्या शतकात बालविधवेच्या कपाळी जे येई, ते आमच्या सावित्रीकाठी काय अन् तिकडे काय, सारखेच होते. मात्र देवरुखच्या जोशी घराण्यातील दोघी बहिणींनी आपली कहाणी स्वतः सांगून ठेवली, म्हणून ती आज आपणांस कळते.

थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि तीनच महिन्यांत वैधव्य! तारुण्याची वर्षे सासरच्या कष्टांत गेल्यावर भाऊ नरहरपंतांनी तिला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात आणले. हे सदन मुंबईस 1889 मध्ये सुरू झाले. रमाबाई ख्रिस्ती, आणि मुलगी ब्राह्मण विधवा. तेव्हा भावाच्या या धाडसाचे मोल आम्हांस थोरच वाटते. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, सर्वांची बया, झाली. कर्व्यांच्या मुरुड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला.

धाकटी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी लहान मुलगा. पुढे शिक्षणासाठी ती पुण्यास बयेच्याच बिऱ्हाडी आली. पुनर्विवाहित बहिणीच्या घरी केशवपन केलेली बहीण! शेजारीपाजारी काय बोलले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. थोरलीची वाट धाकटीने धरली नाही. ती अखेरपर्यंत विधवाच राहिली. तरीही दोघींत अंतर पडले नाही. आमच्या मते त्यांच्या नात्याची खरी कसोटी हीच होती. एकमेकींसारखे होण्याची अट दोघींनीही घातली नाही.

कर्व्यांनी शिल्लक आणि विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांच्या काळजीने बया कष्टी झाली. (कर्व्यांची चरित्रे वाचताना हे दुःख बहुधा नजरेआड होते.) ज्या आश्रमापायी बहिणीचा संसार ओढगस्तीत चालला, त्याच हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इंग्रजी शिकण्यासाठी आणि निधी जमविण्यासाठी त्या 1918 मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि 1920 मध्ये परतल्या.

पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ 1928 मध्ये निघाली, बयेचे ‘माझे पुराण’ 1944 मध्ये. बया 1950 मध्ये वारल्या. पार्वतीबाई त्यांच्यामागे आणखी पाच वर्षे होत्या.